हलायला सांगणारा कायदा, थांबायला सांगणारा हुकूम: कालव्यावरच्या एका बोटीचा टाळेबंदीतला हिवाळा

इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे ३,२०० किलोमीटरचे कालवे आणि नद्या 'कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट' ही धर्मादाय संस्था सांभाळते. या पाण्यावरच्या पाच हजारांहून जास्त बोटींना स्वतःचा कायमचा धक्का नाही आणि त्यातल्या बऱ्याच बोटींवर माणसं बाराही महिने राहतात. परवाना त्यांना एका अटीवर मिळतो. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यातलं कलम १७ सांगतं की बोट खरोखरच जलप्रवासासाठी वापरली गेली पाहिजे आणि कोणत्याही एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये, 'किंवा परिस्थितीनुसार वाजवी ठरेल तितका अधिक काळ'. अट मोडली तर परवाना जाऊ शकतो आणि विनापरवाना बोट १९८३ च्या कायद्यातल्या कलम ८ नुसार पाण्यातून काढून नेता येते. म्हणजे हे घर टिकवायचं असेल तर ते हलतं ठेवावं लागतं.

२३ मार्च २०२० ला ब्रिटिश सरकारने सगळ्यांना घरात राहायला सांगितलं. बोटकऱ्यांचं घर इथेच होतं, तेव्हा घरात राहायला त्यांची ना नव्हती. पण ट्रस्टने अत्यावश्यक नसलेली सगळी जलवाहतूकही थांबवली आणि चौदा दिवसांची अट स्थगित केली. 'वाजवी ठरेल तितका काळ' हा पंचवीस वर्षं वादात अडकलेला शब्दसमूह त्या आठवड्यात खऱ्या अर्थाने कामी आला. कायदा न बदलता हजारो घरं बेकायदा होण्यापासून वाचली, ती या लवचिकतेमुळे. राहत्या बोटींना पाणी भरण्यासाठी, शौचालय रिकामं करण्यासाठी किंवा इंधनासाठी थोडं अंतर जाऊन यायची मुभा होती.

वसंतात आणि उन्हाळ्यात हे निभावलं. खरी कसोटी लागली ती पुढच्या हिवाळ्यात. ५ नोव्हेंबर ते २ डिसेंबर २०२० दुसरी टाळेबंदी, डिसेंबरात निर्बंधांच्या विभागवार श्रेण्यांचा गोंधळ आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून २९ मार्च २०२१ पर्यंत 'घरातच राहा' हा आदेश. इथे अभ्यासलेलं प्रकरण त्याच काळातलं. बोट आणि तिच्यावरचं जोडपं प्रातिनिधिक आहे, अशा बोटींच्या नेहमीच्या मापांवरून आणि सवयींवरून उभं केलेलं. नियम, तारखा आणि हवामान मात्र प्रत्यक्षातलं आहे.

बोट आणि तिचं गणित

मध्य इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या एका अरुंद कालव्यावर ५७ फूट लांबीची पोलादी नॅरोबोट. रुंदी जेमतेम ६ फूट १० इंच, कारण तिथली लॉक सात फुटांचीच आहेत. लॉक म्हणजे बोटीला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारी, दोन्ही टोकांना दारं असलेली पाण्याची खोली. बोटीचा तळ १० मिलिमीटरच्या पत्र्याचा, बाजू ६ मिलिमीटरच्या, आत फोमचा थर आणि लाकडी अस्तर. पुढच्या भागात कोळशाची लोखंडी शेगडी, मागे डिझेल इंजिन, छतावर सौर पॅनल, कोळशाची पोती आणि सायकली. नवरा संगणकावर काम करणारा, बायकोला दम्याचा त्रास. दोघंही पन्नाशीच्या पुढचे.

अशा घराचं वेळापत्रक कॅलेंडर ठरवत नाही, टाक्या ठरवतात. पाण्याची टाकी ५०० लिटरची. दोघांनी काटकसरीने दिवसाला ४५ लिटर वापरलं तर अकरा दिवस जातात. तेरा किलोचे दोन गॅस सिलिंडर, एकेक महिना-दीड महिना पुरतो. डिझेल दोनशे लिटर. बॅटऱ्या चार्ज करायला रोज दोन-अडीच तास इंजिन चालवलं तरी दोन महिन्यांची बेगमी. कोळशाची २५ किलोची आठ पोती. साधारण थंडीत एक पोतं दोन दिवस चालतं, कडाक्यात दीड. उरलं शौचालय. वीस लिटरच्या दोन कॅसेट, म्हणजे मैल्याच्या काढून नेता येणाऱ्या टाक्या, एक वापरात, एक राखीव. दोन माणसांत एक कॅसेट तीन दिवसांत भरते.

म्हणजे सहा दिवस. चौदा नाही, अकरा नाही, सहा. टाळेबंदीच्या सूचनांत 'पाणी आणि इंधनासाठी' असा सूर पहिल्यांदा येतो, कारण लिहिणाऱ्याला तेच पहिल्यांदा सुचतं आणि ते लिहायला बरंही दिसतं. पण बोटीला जागेवरून उठवते ती सगळ्यात लहान टाकी, आणि ती या घरात शौचालयाची होती.

थोडं अंतर म्हणजे किती

पाण्याचा नळ आणि कॅसेट ओतायची जागा ज्या ठिकाणी बोट थांबली होती तिथून तीन किलोमीटरवर, मधे दोन लॉक. ऐकायला हे खरोखरच 'थोडं अंतर' आहे. पण कालवा बोटीच्या लांबीपेक्षा अरुंद असतो, त्यामुळे ५७ फुटी बोट वाटेल तिथे वळत नाही. त्यासाठी काठ मुद्दाम खोदून रुंद केलेल्या ठरावीक जागा असतात आणि इथे तशी जागा नळाच्याही पुढे दोन किलोमीटरवर होती. जायचं-यायचं मिळून दहा किलोमीटर, लॉकचे चार फेरे, पाऊण तास पाणी भरण्यात. कालव्यावरची वेगमर्यादा ताशी चार मैल आहे आणि उभ्या बोटींपाशी त्याच्याही निम्म्यावर यावं लागतं, नाहीतर त्यांच्या दोऱ्यांना हिसके बसतात. सगळं धरून पाच तास. डिसेंबरात तिथे दिवस आठ तासांचाही नसतो.

आता परत जुन्याच जागी येणं गरजेचं होतं का? चौदा दिवसांची अट नसताना नळाजवळच का थांबू नये? हा प्रश्न त्या जोडप्याने स्वतःला विचारला आणि उत्तर व्यवहारी होतं. नळाजवळ जागा मोजक्या, सगळ्यांनाच तिथे थांबावंसं वाटत होतं आणि तिथे कोणी ठिय्या दिला की पाणी भरायला येणाऱ्या प्रत्येक बोटीचा त्या घराशी हातभर अंतरावर संबंध येणार. दम्याची बायको असताना गर्दीच्या धक्क्यापेक्षा निर्जन काठ बरा, असा निर्णय झाला. शिवाय थंडीतल्या महिन्यांत ट्रस्ट लॉकची दारं बदलणं, भिंती दुरुस्त करणं अशी कामं काढते. नोव्हेंबर ते मार्च कुठे ना कुठे कालवा बंद असतो. आपल्या दोन्ही बाजूंना काय बंद होणार आहे याची यादी आधी पाहिली नसती तर बोट नळाच्या चुकीच्या बाजूला अडकली असती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय ऑक्टोबरातच झाला होता, थांबण्याची जागा निवडताना.

दर सहा दिवसांनी पाच तासांची फेरी त्यांनी केली नाही. एक आड एक फेरीला बोट हलायची, बाकी वेळी नवरा भरलेली कॅसेट ढकलगाडीवर घालून काठाच्या पायवाटेने चालत जायचा. वीस किलोंचं ओझं, तीन किलोमीटर चिखल, तेवढंच परत. दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडायची परवानगी होती. हा व्यायाम की अत्यावश्यक काम, हे कोणी विचारलं नाही. उत्तर देणं सोपं गेलं नसतं.

त्याच पायवाटेवर आसपासच्या गावांतले लोक फिरायला, पळायला येऊ लागले होते. टाळेबंदीत कालव्याकाठची वाट ही अनेकांना मिळालेली एकमेव मोकळी जागा होती, त्यांनाही दोष देता येत नाही. पण बोटीची बाजूची खिडकी आणि धापा टाकत जाणाऱ्याचं तोंड यांत मीटरभरही अंतर नसतं. पहिल्या टाळेबंदीत ट्रस्टने लोकांना या वाटा कमी वापरायला सांगितलंही होतं. आमचं जोडपं सकाळी दहा ते चार काठाकडच्या खिडक्या बंद आणि पाण्याकडच्या उघड्या ठेवायचं.

ओल, धूर आणि डोकेदुखी

हिवाळ्यात बोटीत राहायचं तर थंडीपेक्षा ओलीशी जास्त झुंजावं लागतं. दोन माणसांचा श्वास, वाळत घातलेले कपडे, शिजणारं अन्न, सगळी वाफ जाऊन गारढोण पोलादावर बसते. चुलीवरचा गॅस यात मोठा वाटेकरी असतो, हे नवख्यांना पटत नाही. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं आणि त्या चुलीला धुराडं नसल्यामुळे ते घरातच राहतं. कोळशाच्या शेगडीचा ओलावा धुराड्यातून बाहेर जातो, वर ती आतली हवा कोरडी करते. म्हणून गॅसचा ओव्हन उघडा ठेवून बोट गरम करायची ही युक्ती तिन्ही बाजूंनी वाईट: ओल वाढते, गॅस संपतो आणि तिसरी बाजू कार्बन मोनॉक्साइडची.

या तिसऱ्या बाजूवर थोडं थांबतो. ब्रिटनच्या अंतर्गत जलमार्गांवरच्या राहत्या बोटींना १ एप्रिल २०१९ पासून कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म सक्तीचा आहे. त्यामागे प्रत्यक्ष मृत्यू आहेत. २०१३ च्या ईस्टरला विंडरमिअर सरोवरावर आर्निस्टन नावाच्या बोटीत जनरेटरच्या धुराने मायलेकी दगावल्या. बोटीची केबिन लहान असते, शेगडी रात्रभर मंद ठेवलेली असते, धुराड्यात डांबर साचतं आणि कायमच्या झरोक्यांतून गार वारा येतो म्हणून कोणीतरी त्यात जुना मोजा कोंबून ठेवतं.

त्या हिवाळ्यात यात एक नवा घोटाळा मिसळला. डोकेदुखी, गळून जाणं, मळमळ ही या विषबाधेची लक्षणं. कोविडच्या संशयितानेही नेमकी हीच सांगितली असती. आणि कोविडचा संशय आला की सल्ला काय होता? दहा दिवस घरात राहा, बाहेर पडू नका. विषबाधा झालेल्या माणसासाठी ह्याहून घातक सल्ला असू शकत नाही. जानेवारीतल्या एका सकाळी दोघंही डोकं धरून उठले. ताप कोणालाच नव्हता. अलार्म शांत होता, पण तो बिछान्यापासून लांब, शेगडीच्या टोकाला होता. बायकोने आधी तिघी-चौघींना फोन करून लक्षणं पडताळली नाहीत की चाचणीची वेळ घेतली नाही. दोन्ही टोकांची दारं उघडली, दोघं काठावर जाऊन उभे राहिले. अर्ध्या तासात डोकी हलकी झाली.

दोघांना एकाच वेळी त्रास, ताप नाही, बाहेर आल्यावर आराम. एवढ्या खुणांवर संशय शेगडीवर जातो. धुराडं उतरवलं तर आत काजळीचा थर जमलेला. ते साफ झालं, शेगडीच्या दाराची फट बुजवणारी दोरी बदलली, दुसरा अलार्म झोपायच्या जागी आला आणि त्यांनी फोनवर डॉक्टरांचा सल्लाही घेतला. बोटीवर मोकळी हवा विषाणूसाठीही हवी असते, ओलीसाठीही आणि धुरासाठीही. तिला विरोध फक्त थंडीचा असतो आणि थंडीवर कोळसा हा उपाय आहे. कोळसा वाचवण्यासाठी झरोके बंद करणं हा या सगळ्यात उफराटा हिशोब.

विजेचं थोडक्यात सांगतो. त्या अक्षांशावर २१ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे चौदा अंशच वर येतो, म्हणून पॅनल म्हणजे शोभा. परवान्याच्या अटींप्रमाणे रात्री आठ ते सकाळी आठ विजेसाठी इंजिन चालवता येत नाही. घरून काम करणाऱ्या नवऱ्याच्या बैठका दुपारी ठेवल्या, इंजिनाची घरघर मागे चालू राहिली, ऑफिसातल्यांना सवय झाली.

बर्फाचा आठवडा

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अंदाज आला: पूर्वेकडून बोचरे वारे, सलग गोठवणारे दिवस. ११ फेब्रुवारी २०२१ ला स्कॉटलंडमधल्या ब्रेमार इथे उणे २३ अंशांची नोंद झाली, ब्रिटनमधलं १९९५ नंतरचं सर्वांत कमी तापमान. मिडलंड्समध्ये एवढं नव्हतं, पण कालवा गोठायला तेवढं लागतही नाही. पाणी साचलेलं, उथळ, दीड मीटरही खोल नाही.

शुक्रवारी, ५ फेब्रुवारीला, टाकीत निम्म्याहून जास्त पाणी असताना जोडप्याने फेरी केली. 'अत्यावश्यक' शब्दाचा काटेकोर अर्थ लावला असता तर त्या दिवशी गरज नव्हती. गरज पुढच्या गुरुवारी पडली असती आणि तेव्हा हलताच आलं नसतं. नियम पाळायचा तर आजची गरज मोजायची की येत्या आठवड्याची? माझं मत त्या जोडप्याच्या बाजूने आहे.

रविवारनंतर काठाजवळ पापुद्रा धरला, दोन रात्रींत तो घट्ट झाला. पोलादी नॅरोबोट तेवढा बर्फ फोडून जाऊ शकते. पण फुटलेल्या लाद्या पुढे सरकतात आणि उभ्या बोटींच्या पाण्याच्या रेषेवर घासतात. पोलादाचा गंजरोधक डांबरी लेप खरवडला जातो आणि फायबरग्लासच्या बोटीला तर चीर पडू शकते. म्हणून बर्फात बोट हलवायची नाही हा बोटकऱ्यांचा अलिखित दंडक आहे. टाळेबंदीने जी फेरी चालवून घेतली होती ती शेजाऱ्यांच्या बोटींनी थांबवली.

सगळ्यात मोठा फटका इंधनबोटीचा. कोळसा, डिझेल, गॅस विकत फिरणाऱ्या या बोटी टाळेबंदीतही सुरू होत्या आणि काठावरच्या कित्येक म्हाताऱ्या बोटकऱ्यांची सगळी मदार त्यांच्यावर होती. त्या आठवड्यात ती येणार होती, ती दोन लॉक अलीकडे बर्फात थबकली. नळ गोठला. कॅसेट गुरुवारी भरल्या. पायवाटेचा चिखल मात्र दगडासारखा झाला होता आणि ढकलगाडी कधी नव्हे ती सरळ चालली.

टाकीतलं पाणी गोठलं नाही, कारण टाकी पाण्याच्या पातळीखाली होती आणि बर्फाखालचं पाणी शून्याच्या वरच असतं. पण बाजूच्या कठड्याखालून जाणारी नळी पातळीच्या वर, पोलादाला चिकटून होती. ती एका पहाटे गोठली. शेगडीमागून गरम हवा तिकडे जाईल अशी कपाटाची दारं उघडी ठेवल्यावर दुपारी सुटली, फुटली नाही. निळ्या सिलिंडरातला ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायचं सोडून देतो. यांच्याकडे लाल, प्रोपेनचे सिलिंडर होते, त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश, तेव्हा चूल पेटत राहिली. शेजारच्या एका लहान बोटीवर निळा होता. तिथल्या एकट्या म्हाताऱ्या गृहस्थांना चार दिवस गरम जेवण या बोटीतून, काठावर भांडं ठेवून मागे सरकायचं, या पद्धतीने गेलं.

कालव्यावर राहणाऱ्यांच्या आठवणीत यापेक्षा फार मोठा हिवाळा आहे. १९६२-६३ ला कालवे आठवडेच्या आठवडे गोठले, मालवाहू बोटींची कुटुंबं कमाईशिवाय अडकली आणि त्याच वर्षी नव्याने स्थापन झालेल्या ब्रिटिश वॉटरवेज बोर्डाने आपली बहुतेक नॅरोबोट वाहतूक बंद केली. २०२१ चा बर्फ आठवडाभरात वितळला. १५ तारखेच्या सुमारास नळ सुटला तेव्हा आमच्या बोटीच्या छतावर कोळशाचं दीड पोतं उरलं होतं.

काय जमलं, काय राहिलं

चौदा दिवसांची अट झटपट स्थगित करणं हा ट्रस्टचा निर्णय बरोबर आणि वेळेवर होता. इंधनबोटी चालू ठेवणं त्याहून महत्त्वाचं होतं. उणीव राहिली ती 'थोडं अंतर' आणि 'अत्यावश्यक' या शब्दांत. वळायची जागा कुठे आहे हे न पाहता अंतर मोजलं तर ते कागदावर तीन किलोमीटर दिसतं, पाण्यावर दहा होतं. आणि सेवा म्हटलं की नळ बंद पडला तर पर्यायी नळ कुठला, हेही सांगायला हवं. हिवाळी दुरुस्त्या टाळेबंदीतही चालू असताना तर नक्कीच.

पत्ता नसण्याचा प्रश्न यापेक्षा जुना आहे. राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या नियमांनुसार डॉक्टरकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, पण ते प्रत्येक स्वागतकक्षाला ठाऊक असतंच असं नाही. लसीकरण ८ डिसेंबर २०२० ला सुरू झालं, बोलावणी बरीचशी पत्राने येत होती. या जोडप्याची पत्रं एका नातेवाइकाच्या घरी जात, शंभर किलोमीटर दूर. तिथून फोनवर फोटो यायचा. ज्यांना असा नातेवाईक नाही त्यांचं काय, याचं उत्तर या प्रकरणातून मिळत नाही.

२९ मार्चला 'घरातच राहा' हा आदेश उठला, पुन्हा हलणं सुरू झालं. जोडप्याने बोटीत दोनच बदल केले. छतावर दहा लिटरचे चार कॅन आले आणि पुढच्या ओट्याखाली, जिथे आधी सायकलचा पंप आणि रंगाचे डबे होते, तिथे तिसरी कॅसेट. सहा दिवसांचे नऊ झाले.